थ्री नॉट थ्री, जुनी, आहे त्या स्थितीत

हिंगोली हे गावच मुळात लष्कराने वापरून सोडून दिलेलं आहे. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकमावर चालणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इथे तळ ठोकून होती. १९०३ साली ती इंग्रजांच्या मुख्य सैन्यात मिसळून टाकली, छावणी उठली. जाताना फौजेने घोडे नेले, तोफा नेल्या, नावं तेवढी ठेवली. म्हणून आजही रिसाला बाजारात घोड्याऐवजी ऑटो मिळतो आणि तोफखान्यात राहणारा माणूस दिवाळीला लवंगी माळ पेटवून आधी कानात बोटं घालतो.

मिलिटरीच्या मालाबद्दल आमच्या लोकांना जो जिव्हाळा आहे तो तिथूनच आला असावा. 'मिलिटरीचं आहे' एवढं म्हटलं की हमीपत्र मिळालं. मिलिटरीचं कांबळं अंगाला टोचतं, पण टोचतं म्हणूनच ते अस्सल. मिलिटरीचे बूट दोन नंबर मोठे निघाले तर दोष पायाचा. आणि सरकारी लिलाव असला की गाव घरात बसत नाही. जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं, 'आहे त्या स्थितीत'. ती स्थिती पाहायला पन्नास माणसं जमतात, बोनेट उघडतात, आत इंजिनच्या जागी चिमणीचं घरटं दिसतं, तरी बोली लागते. सरकारी वस्तू वाईट असली तरी जाड असते, ही आमची श्रद्धा.

अशा गावातल्या माणसाला जर कळलं की जगात काही देशांत सरकार आपल्या जुन्या रायफलीसुद्धा अशाच विकून टाकतं, आणि तिथला कारकून-मास्तर माणूस ती विकत घेऊन रविवारी चांदमारीला जातो, तर त्याची झोप उडणारच. माझी उडाली. उडवणारा माझा भाचा. तो टेक्सासात असतो, काँप्युटरमधलं काहीतरी करतो, आणि तिकडची सकाळ इकडच्या जेवणाच्या वेळेला गाठून व्हिडिओ कॉल लावतो.

"मामा, ओळखा," तो म्हणाला आणि त्याने कॅमेऱ्यासमोर एक लाकूड आणलं. लाकूड मागे सरकलं तशी रायफल दिसली. जाड, काळपट, नळी टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली, पुढे बोथट नाक. मी घास हातात धरून म्हणालो, "थ्री नॉट थ्री!"

"जवळपास. तिची धाकटी बहीण. आता हे वाचा."

बोल्टच्या दांड्याखाली जी पोलादी कडी असते तिच्यावर त्याने उजेड धरला. वर अशोकस्तंभाचे सिंह. खाली इंग्रजीत आरएफआय, आणि सन १९६८. म्हणजे रायफल फॅक्टरी, इशापूर. हुगळीच्या काठी, बंगालात.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला रायफली कमी पडत होत्या, तेव्हा इशापूरच्या लोकांनी जुन्या ली-एनफिल्डचाच साचा घेतला, पोलाद सुधारलं आणि तिच्यात ७.६२ मिलिमीटरची नवी गोळी बसवली. नाव ठेवलं टू ए. पहिल्या टू एच्या मागच्या निशाणावर अंतराचे आकडे थेट २००० मीटरपर्यंत कोरलेले होते. म्हणजे हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनात उभं राहून गावाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस टिपायचा. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं की तेवढ्या लांबचा माणूस आधी दिसायला हवा. मग टू ए वन निघाली, तिच्यावर आकडे ८०० मीटरला थांबले. सरकारने आपल्या अपेक्षा स्वतःहून कमी करून त्या पोलादात कोरून ठेवल्या, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

"कितीला?" मी विचारलं. मामाने विचारायचा प्रश्न हाच असतो.

"पाचशे डॉलरच्या आसपास. स्वस्तातली आहे, मामा. शिकाऊ लोक हीच घेतात."

बंगालात बनलेली, आपल्या जवानाच्या खांद्यावर झिजलेली रायफल टेक्सासात शिकाऊ लोकांसाठी स्वस्तात उपलब्ध! मी ज्या राज्य राखीव पोलीस बलाच्या बारा नंबर गटाच्या गावात राहतो, त्या गावात मला तिला हात लावायचा झाला तर खंडेनवमीची वाट पाहावी लागेल. तेही लांबून, झेंडूच्या माळेवरून.

भाच्याने मग मला या छंदाची दीक्षाच दिली. लष्कराने टाकलेल्या रायफलींचे तिकडे भक्त आहेत आणि त्यांच्यात पंथ आहेत. कोणी रशियाच्या मोसिन-नागांचा. ती झारच्या काळात, १८९१ साली मंजूर झाली, कोट्यवधींनी बनली आणि सोव्हिएत साम्राज्य कोसळल्यावर पेट्या भरभरून अमेरिकेत आली. एके काळी शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळायची. कोणी जर्मन माउझरचा. कोणी स्विस रायफलीचा, कारण स्विस लोक युद्धात उतरलेच नाहीत, त्यामुळे माल कोरा. पन्नास वर्षांवरचं हत्यार तिकडे 'दुर्मीळ आणि जुनी वस्तू' या वर्गात जातं, आणि त्या वर्गाचा संग्राहक परवाना असला की ते टपालाने घरी येतं.

टपालाने! आमच्या भाच्याला आम्ही गेल्या दिवाळीत पाठवलेला चिवडा अजून कस्टममध्ये आहे.

हे सगळं ऐकून मी हळहळत होतो, पण हे म्हणायला हवं की स्वस्ताईचं फळ त्या देशाने भोगलेलं आहे. १९६३ साली ज्या रायफलीने केनेडींचा जीव घेतला ती इटालियन लष्कराने टाकलेली कार्कानो होती. टपालाने मागवलेली, दुर्बिणीसकट किंमत वीस डॉलरच्या आत. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने अशा मालाची टपालविक्री आणि आयात बरीच वर्षं बंद झाली. मग हळूहळू दारं पुन्हा किलकिली झाली. तिथे एक संस्था तर अशी आहे जी लष्कराच्या जुन्या गारंड रायफली नागरिकांना नेमबाजीसाठी रीतसर विकते. तिचं मूळ १९०३ सालच्या सरकारी मंडळात आहे. ज्या साली हिंगोलीतून फौज आपलं सामान बांधून गेली, त्याच साली अमेरिकेत नागरिकांना रायफल शिकवायचं मंडळ निघालं. नशिबाची वाटणी एकाच वर्षी झाली म्हणायची.

रायफल घरी आल्यावरचे सोहळे वेगळे. गोदामात गंजू नये म्हणून तिला ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेलं असतं. ते ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत लाकडात मुरतं. भाच्याने ती उन्हात ठेवली, पुसली, पुन्हा उन्हात ठेवली. शिवाय जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असतात, ते नळीत राहिले तर रातोरात गंज चढतो. म्हणून अशी जुनी गोळी झाडून आलं की नळीत कढत पाणी ओतायचं. भाचेसुनेने तो प्रकार मला दाखवला. न्हाणीघरात वाफ झालेली, भाचा बाह्या वर सारून बसलेला, रायफल मांडीवर आडवी, आणि तो किटलीने पाणी सोडतोय. अंगाला तेल लावून बाळंतपणातलं पोर न्हाऊ घालणारी आमची आजी मला आठवली. फक्त धुरी द्यायची राहिली होती.

"मामा, तुम्हीपण तिकडे एक घ्या ना," तो म्हणाला. "आपलीच तर रायफल आहे."

आपलीच तर! हेच शब्द मला भोवले.

तसं माझं आणि थ्री नॉट थ्रीचं नातं कॉलेजातलं. एनसीसीत कवायतीला ती मिळायची. कवायतीची म्हणजे नळीला भोक पाडून निकामी केलेली. चार किलोचं ते धूड खांद्यावर घेऊन उन्हात उभं राहिलं की तिने शत्रूचं काय केलं असतं ते माहीत नाही, आमचं मात्र केलं. प्रत्यक्ष गोळी झाडायची ती शिबिरात, पॉइंट टू टूच्या रायफलने. उस्ताद हिंदीत तीन मंत्र म्हणून घ्यायचे: मजबूत पकड, सही शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. पोटावर झोपायचं, दस्ता खांद्यात घट्ट घ्यायचा, मागच्या खाचेत पुढची माशी बसवायची, श्वास रोखायचा, आणि घोडा ओढायचा नाही, दाबायचा. मी सगळं केलं. माझ्या पाचही गोळ्या शेजारच्याच्या निशाणावर लागल्या. त्याला शाबासकी मिळाली.

पण त्या शिबिरातला खरा प्रसंग गोळ्यांचा नाही, पुंगळीचा आहे. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागते. त्या दिवशी हिशेबात एक कमी आली. जेवण थांबलं. अख्खी तुकडी ओळीने गुडघ्यांवर आली आणि गवत चाचपत पुढे सरकू लागली. शिक्षक सरकले, उस्ताद सरकले, पाणी द्यायला आलेला पोऱ्याही सरकला. करंगळीच्या नखाएवढी पितळेची नळी, बाजारात भंगाराचा एक पैसाही आला नसता. ऊन कलंडायला आलं तेव्हा एका जाड्या कॅडेटने खाज सुटली म्हणून बूट काढला आणि पुंगळी टण्णकन दगडावर पडली. त्याला शिक्षा करावी की मिठी मारावी हे उस्तादांना समजेना. त्यांनी दोन्ही केलं.

ज्या देशात रिकाम्या पुंगळीला एवढा मान, तिथे भरलेली रायफल कशी मिळणार, हे मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती. तरी पेन्शनीतला रिकामा वेळ माणसाला काहीही करायला लावतो. मी चौकशीला लागलो.

पहिला दणका बोअरचा. थ्री नॉट थ्री ही लष्कराची गोळी, म्हणून ती 'प्रतिबंधित बोअर'. तिचा परवाना हिंगोलीत नाही, मुंबईत नाही, थेट दिल्लीत, केंद्रीय गृह मंत्रालयात. तो मागायला जिवावर संकट असल्याचं दाखवावं लागतं. मला चांदमारी करायची आहे हे संकट त्यांच्या यादीत नाही. भाच्याची ७.६२ पण त्याच पंगतीत. म्हणजे आपल्याच सैन्याची रायफल म्हणूनच ती आपल्याला नाही.

नागरिकांसाठी इशापूरनेच एक सोय केलेली आहे, पॉइंट थ्री वन फाइव्ह. अंगकाठी ली-एनफिल्डचीच, बोल्टही त्याच चालीचा, काडतुसं पाच, फक्त नळीचं भोक वेगळं. हे वेगळेपण इंग्रजांचं. लोकांनी आमच्या गोळ्या चोरल्या तर त्या आमच्यावरच झाडतील, म्हणून रयतेच्या बंदुकीत लष्करी गोळी बसताच कामा नये, असा त्यांचा हिशेब. इंग्रज गेले, हिशेब चालू आहे. उत्तरेत या थ्री वन फाइव्हची इतकी हौस की लग्नात नवरदेवाच्या आधी तीच दिसते. आपल्याकडे ती क्वचित. एका दुकानदाराने मला ती दाखवली, हातात दिली नाही, किंमत सांगितली आणि माझ्याकडे न पाहता परत कपाटात ठेवली. गिऱ्हाईक ओळखण्यात त्याचा नेम चांगला होता.

आणि परवान्याचं काय? १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, २०१९ ची दुरुस्ती. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, दुरुस्तीनंतर दोन. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती ती पाच झाली. हत्यारं कमी, कागद टिकाऊ. अर्ज करायचा, पोलीस चौकशी होणार, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, ते घरात कुठे सुरक्षित ठेवणार याचा खुलासा, आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र की अर्जदार शरीराने आणि मनाने ठीक आहे.

शेवटच्या अटीवर आमच्या घरात चर्चा झाली. डॉक्टर ओळखीचे. त्यांनी रक्तदाब घेतला, डोळे तपासले, मग विचारलं, "सर, रायफल कशासाठी हवी?"

मी म्हणालो, "कशासाठीच नाही. जुनी आहे, जड आहे, खांद्याला दणका देते, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो. म्हणून हवी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सौभाग्यवतींकडे पाहिलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "लिहा तुम्ही जे दिसतंय ते."

एक मात्र कबूल करतो, हिंगोलीत परवाना मागणाऱ्याकडे संशयाने पाहण्याला इतिहास आहे. ठगांवर कादंबरी लिहिणाऱ्या मेडोज टेलरने १८३९ च्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतली हकिगत नोंदवून ठेवली आहे. तिथे हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोकांशी व्यवहार, बोलणं मिठास. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झालेला. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी जिल्ह्याच्या मुलकी साहेबाकडे रीतसर परवाना मागितला. मिळाला. कापड आलंही, छावणीच्या बाजारात विकलंही गेलं. फक्त ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. माल वाटेत आहे हे हरिसिंगला ठाऊक होतं; त्याने त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवलं आणि त्याचा माल आपल्या परवान्यावर आणला. हरिसिंग हा त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. बंदूक कुठेच नाही, कागदपत्रं पूर्ण, आणि काम रुमालाने झालेलं. दोनशे वर्षांपूर्वी ज्या गावाने असा अर्जदार दिला, त्या गावातल्या पेन्शनर मास्तराच्या अर्जावर टेबलामागचा माणूस चष्मा खाली घेऊन बघतो, यात त्याचं काय चुकलं?

याच जिल्ह्याला दिल्ली नाही म्हणते असं मात्र नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होते आहे. गुरुत्वीय लहरी पकडायच्या म्हणून चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात ठेवायच्या आणि त्यांतून लेसर सोडायचा. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने अडीच हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. आमच्या व्याह्यांचं म्हणणं, "चार किलोमीटरच्या नळीला परवाना मिळतो अन् तुमच्या दोन फुटाच्या नळीला नाही, म्हणजे तुमचा अर्जच लहान पडला."

हे व्याही वसमतकडचे, हळदीचे मोठे बागायतदार, आणि आमच्या सोयऱ्यांत एकुलते बंदूकधारी. बारा बोअरची दुनळी, वडिलांपासून चालत आलेली. मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेलो.

"बंदूक बघायची होती."

"ठाण्यात हाय."

"काहून? काही झालं का?"

"इलेक्शन झालं."

आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची पद्धत आहे. कोणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते, पण व्याह्यांचा स्वभाव असा की समितीला त्यांच्यावर फार वेळ घालवावा लागत नाही. २०२४ साली एप्रिलमध्ये लोकसभा झाली, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. मग नगरपालिका, जिल्हा परिषद, सोसायटी, बाजार समिती. कोणत्या निवडणुकीला बंदूक लागते आणि कोणत्या नाही, हा गोंधळ नको म्हणून ते विचारायच्या आधीच नेऊन देतात. "घरी असली तर साफ करावी लागते," ते म्हणाले. "तिथं पोलिसांच्या राखणीत ऱ्हाती. माझ्यापेक्षा लोकशाहीत तिचाच सहभाग जास्त."

बरं, गोळी झाडावी असं काही त्यांच्या शेतात येत नाही असं नाही. रानडुकरं हळदीचे बेड उकरतात, रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी फक्त पेंडकं उरतात. कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहेही. नळीत तोंडाकडून दारू भरा, चिंधी ठासा, छर्रे सोडा, पुन्हा ठासा, टोपी लावा. तेवढ्यात रोही शांतपणे दुसऱ्याच्या शेतात जेवायला जातो. शिवाय वन्यप्राणी मारायचा म्हटला तर तो कायदा वेगळा आणि त्याचा परवाना वेगळा. म्हणून शिवारात आजचं खरं हत्यार म्हणजे जुन्या साड्या. बांधाभोवती लाल-पिवळ्या साड्या ताणून बांधतात. त्यावर भोंग्यात रेकॉर्ड केलेलं कुत्र्याचं भुंकणं. आणि पोरांनी यूट्यूबवर पाहून केलेली प्लास्टिक पाइपची कार्बाइड बंदूक, जिचा बार वानरांपेक्षा उडवणाऱ्याच्याच डोळ्यांना जास्त इजा करतो. व्याह्यांच्या सासूबाईंची नऊवारी गेली दोन वर्षं रोह्यांना रोखून आहे. म्हातारी जिवंत असतानाही तिच्यासमोर कोणी फिरकत नव्हतं, असं व्याही अभिमानाने सांगतात.

तर मग पोलिसांनी टाकलेल्या थ्री नॉट थ्री जातात कुठे? उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला या रायफलीला संचलनात निरोप दिला. इतकी वर्षं ती त्यांच्या खांद्यावर होती. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टर्मिनसवर अतिरेक्यांच्या एके-४७ समोर आमचे शिपाई हीच एकेक गोळीची रायफल घेऊन उभे होते. निवृत्त व्हायला हवी होती, झाली. पण निवृत्तीनंतर ती कोणाच्या भिंतीवर किंवा चांदमारीवर जात नाही. निकामी ठरते, नोंद होते, तुकडे होतात, भट्टीत जाते. एखाद्या लोखंडी गेटमध्ये ती आज असू शकेल. माणसाने जाता-येता उघडझाप करावी आणि त्याला पत्ताही नसावा.

नेमबाजी शिकायचा सरळ रस्ता म्हणाल तर तो आहे, पण तो जुन्या रायफलीकडे जात नाही. रायफल क्लबचं सभासद व्हा, एअर रायफलने सुरुवात करा, मग पॉइंट टू टू. कोल्हापूरची पोरं याच रस्त्याने गेली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, त्याने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. तिकीट तपासणाऱ्याची नजर शेवटी कुठे चुकणार! दहा मीटरच्या एअर रायफलचं निशाण अख्खं साडेचार सेंटीमीटरचं असतं आणि त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. माझ्या चष्म्याच्या नंबरात तो ठिपका म्हणजे अफवा.

तरी या चौकशीत एक रत्न हाती लागलं. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरपर्यंतची आणि वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवानाच लागत नाही. चौकशी नाही, डॉक्टर नाही, दिल्ली नाही. आणि मग एकदम डोक्यात आलं की परवडणारी, जुनी, भरपूर वापरलेली, चांदमारीला लगेच मिळणारी रायफल हिंगोलीत दरवर्षी येते. दसऱ्याला, रामलीला मैदानावर.

दसऱ्यासाठी भाचा सुट्टी घेऊन आला होता. मैदानावरच्या प्रदर्शनात आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्या मधल्या बोळात फुग्यांचा स्टॉल होता. लाकडी पाटीवर फुगे ओळीने ठोकलेले, वर शंभर वॉटचा बल्ब, पुढे टेबल. टेबलावर दोन छर्ऱ्याच्या बंदुका. एकीचा दस्ता काळ्या इन्शुलेशन टेपने बांधलेला, चापाच्या कमानीवरचं पॉलिश बोटांनी पार खाऊन टाकलेलं, नळीच्या टोकाची माशी डावीकडे कलती. पन्नास रुपयांत दहा छर्रे.

भाचा पुढे झाला. शंभर यार्डावर मी तीन इंचाच्या आत पाच गोळ्या ठेवतो, हे त्याने स्टॉलवाल्याला सांगितलं. स्टॉलवाला म्हणाला, "ठेवा." भाच्याने उभ्याची पोझिशन घेतली, कोपर बरगडीला लावलं, श्वास सोडला, अर्ध्यावर रोखला. मी बाजूने मजबूत पकड, सही शिस्त म्हणत होतो. छर्रा पाटीवर टक्कन लागला. पुन्हा टक्कन. सातव्या छर्ऱ्यानंतर त्याने बंदूक खाली घेतली आणि माशी बोटाने तपासली.

"हिची माशी वाकडी आहे."

"माशी बरोबर हाय, साहेब," स्टॉलवाला म्हणाला. "फुगे तुमच्याकडच्यापेक्षा लहान असतील."

मागे रांगेत उभी असलेली, परकर-पोलक्यातली, हातात बुढ्ढी के बाल धरलेली एक पोर कंटाळली होती. ती म्हणाली, "ओ दादा, निळा पाहिजे तर पिवळ्यावर धरा. त्या बंदुकीचं तसंच हाय."

भाच्याने पिवळ्यावर धरला. निळा फुटला. लालवर धरला, हिरवा फुटला. शेवटचा छर्रा त्याने पांढऱ्यावर धरून कडेचा गुलाबी उडवला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते टेक्सासच्या कोणत्याही व्हिडिओत मी पाहिलं नव्हतं. त्याने बंदूक उलटीसुलटी केली. छाप पुसला गेलेला, सन नाही, कारखाना नाही.

"ही विकणार का?" त्याने स्टॉलवाल्याला विचारलं. "पाच हजार देतो."

"नवी मिळती की दुकानात. परवाना बी लागत नाही."

"नवी नको. हीच पाहिजे."

स्टॉलवाल्याने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली, नळी मोडून नवा छर्रा घातला आणि त्या पोरीच्या हातात दिली. "हिला एवढी वाकडी करायला मला चार जत्रा लागल्यात, साहेब," तो म्हणाला. "आता अजून दहा घेताय का बाजूला व्हताय? मागं लाइन लागली."